विरळ वस्तीच्या मुलखाची आखणी: डोकी मोजायची की अंतर?

रानवाट

मंडळी, शहरनियोजनावर इथे बरेच धागे निघतात, पण ते सगळे पुणे, ठाणे नि नागपूरभोवती फिरतात. जिथे मुळात माणसंच कमी आहेत, त्या मुलखाची आखणी कशी करायची यावर कोणी फारसं बोलत नाही. मी काही वर्षं एटापल्ली-भामरागडकडच्या ग्रामसभांसोबत गाव आराखड्यांचं काम करतोय. त्यातून माझं एक म्हणणं पक्कं झालंय, ते मांडतो. विरोध असेल तर जरूर करा.

आधी थोडे आकडे. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा उत्तरेला कोरचीपासून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर पसरलाय. त्यातही वडसा, आरमोरी, चामोर्शीकडची वैनगंगेकाठची धानाची गावं बऱ्यापैकी दाट. भामरागड तालुक्यात मात्र शंभरावर गावं नि सगळी मिळून ३६ हजारांच्या घरात माणसं. सरासरी काढली तर तीनशेचं गाव. तेही एका जागी नसतं, दोन-तीन टोल्यांत, म्हणजे लहान वस्त्यांत, विभागलेलं असतं. इथले माडिया आदिवासी घरं एकमेकांना चिकटून बांधत नाहीत. प्रत्येकाला कुंपणाचं मोठं अंगण लागतं, डुकरं-कोंबड्यांना जागा लागते, परसात मका लागतो.

आता आपले शासकीय निकष बघा. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मैदानी भागात हेच आकडे ५ हजार आणि ३० हजार. वाटतं, सवलत दिली की! पण तीनशेच्या गावांत ३ हजार माणसं जमवायची तर दहा गावं लागतात, आणि त्या दहा गावांमध्ये जंगल, दोन-चार नाले नि पावसाळ्यात एखादी नदी असते. निकषाचा हिशोब लावला तर आख्ख्या भामरागड तालुक्याला दोन प्राथमिक आरोग्य केंद्रंही भरत नाहीत. प्रत्यक्षात शासनाने त्याहून जास्त दिलीत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती निकषाला वाकवून दिलीत. दर वेळी वाकवायला लागतो तो निकष मुळातच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, तेव्हा मैदानात ५०० आणि आदिवासी-डोंगरी भागात २५० लोकवस्तीची अट होती. नक्षलग्रस्त भागातल्या अतिबिकट तालुक्यांसाठी ती पुढे १०० वर आली. तरीही साठ माणसांचा टोला कागदावर दिसतच नाही. अशा टोल्यात राहणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या कळा शंभर माणसांच्या गावातल्या बाईपेक्षा कमी येतात का?

विरळ मुलखात सुविधा किती माणसांमागे आहे हे न मोजता ती किती वेळाच्या अंतरावर आहे हे मोजायला हवं. तेही पावसाळ्यातल्या वेळाने. कोरड्या दिवसांत मोटरसायकलवर चाळीस मिनिटांत जाता येतं हे खरं असलं, तरी पर्लकोटा नदी भरून वाहते तेव्हा त्या चाळीस मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

हे काही मी हवेतून काढलेलं नाही. आरोग्य मंत्रालयाने डोंगराळ आणि वाळवंटी भागातल्या निवडक जिल्ह्यांसाठी असा निकष आणलेलाच आहे: वस्तीपासून पायी ३० मिनिटांत उपकेंद्र. म्हणजे तत्त्व मान्य झालंय, फक्त 'डोंगर' आणि 'वाळवंट' या दोन शब्दांत अडकलंय. आमच्याकडे जंगल आणि नद्या आहेत. तिथे वेळ त्याहून कमी लागतो असं कोणी म्हणू नये.

दुसरा मुद्दा, केंद्र कुठे धरायचं. नियोजनवाले तालुक्याचं ठिकाण धरतात. लोक मात्र आठवडी बाजाराचं गाव धरतात. कसनसूर, जारावंडी, पेंढरी, जिमलगट्टा, पेरमिली, लाहेरी ही नावं अशी की आसपासच्या माणसाला तिथली वाट डोळे मिटून सापडते. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून पायवाटा भरतात. जाताना मोहफुलं, टोरी (मोहाच्या बिया), चारोळी, चिंच, कोंबडी. येताना मीठ, तेल, साबण, टॉर्चचे सेल. त्याच फेरीत माणूस दवाखान्यात डोकावतो, बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढतो, रेशनची चौकशी करतो, पाहुण्यांना भेटतो, लग्नाची बोलणीही उरकतो. ही व्यवस्था कुठल्या आराखड्याने बसवलेली नाही. शे-दीडशे वर्षांत कुठून कुठे चालत जाता येतं या अनुभवातून ती बसलीय. मग आखणी तिच्यावर का बांधू नये? तलाठी, टपाल, आधारची दुरुस्ती, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, जनावरांचा डॉक्टर, सगळं बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावात. रोज नको, पण त्या दिवशी नक्की. सध्या होतं असं की तलाठी सोमवारी तालुक्याला मीटिंगला असतो आणि बाजार सोमवारीच असतो.

तिसरं, रस्त्यांबद्दल. रस्ता किती किलोमीटर झाला हे विचारण्याआधी वाटेत किती रपटे (पुरात पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल) आहेत ते विचारा. बारा किलोमीटरचा काळाभोर डांबरी रस्ता आणि मधे एक खालचा रपटा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये तो रस्ता नसल्यातच जमा. पैसे कमी असतील तर आधी नाल्यांवर पूल बांधा, मधला रस्ता मुरमाचा राहिला तरी चालेल. खडीकरण चार वर्षांनी करा. माणूस चिखलातून चालतो, पुरातून चालू शकत नाही.

आणि काय जमतं याचंही एक उदाहरण देतो, नाहीतर फक्त रडगाणं होईल. भूजल विभागाची सौर दुहेरी पंपाची योजना. गावातल्या चालू हातपंपाच्या विंधनविहिरीतच सौरऊर्जेवरचा पाणबुडी पंप सोडतात. वर लोखंडी मनोऱ्यावर ५ हजार लिटरची टाकी, तिथून टोल्यात नळकोंडाळी. हातपंप काढत नाहीत, तो त्याच भोकात तसाच राहतो. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही किंवा पॅनेल बिघडलं तरी बाई हातपंप मारून पाणी भरते. ना विजेच्या तारा, ना जलशुद्धीकरण केंद्र, ना वीस किलोमीटरची पाइपलाइन. तीस घरांच्या टोल्याला बेताचं आणि पुरेसं. मोठी योजना लहान करून पाठवलेली नाही ही. टोला समोर ठेवून कोणीतरी विचार केलाय. असा विचार शाळेचा, दवाखान्याचा, रेशनचा व्हावा, एवढंच माझं मागणं.

बोला आता.

---

खडीसाखळी

चांगला धागा. मी स्थापत्य अभियंता, रस्त्यांच्या कामात हयात गेली. रपट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. मुरमाचा रस्ता गाव श्रमदानानेही दुरुस्त करतं, पूल कोणी श्रमदानाने बांधू शकत नाही. पण आमच्या खात्यात 'एवढे किलोमीटर डांबरीकरण' हे उद्दिष्ट असतं. 'एवढे नाले ओलांडण्याजोगे केले' असं उद्दिष्ट मी तरी कधी पाहिलं नाही. अंदाजपत्रकातही मोऱ्या आणि पूल शेवटी येतात आणि पैसे संपले की तेच वगळले जातात.

मात्र एक कडू प्रश्न विचारतो. साठ माणसांच्या प्रत्येक टोल्याला पूल, वीज, शाळा, नर्स हे कुठल्याही सरकारला झेपणार आहे का? दहा टोल्यांना समजावून एका बऱ्या जागी पक्की घरं दिली, शाळा-दवाखाना-नळ एकत्र दिले, तर त्याच पैशात कितीतरी चांगली सेवा देता येईल. पाचशे घरांचं गाव झालं की डॉक्टरही टिकतो, दुकानही चालतं. जबरदस्ती नको, पण हा पर्याय चर्चेतच घ्यायचा नाही हे मला पटत नाही.

---

उत्तरवारा

खडीसाखळी यांच्या प्रश्नावर लिहितो, कारण मी जिथे राहतो तिथे नेमका हाच प्रयोग होऊन गेलाय. मी कॅनडात न्यूफाउंडलँडला, सेंट जॉन्समध्ये असतो.

हे बेट १९४९ साली कॅनडात सामील झालं. तेव्हा किनाऱ्यावर शेकडो कोळीवस्त्या होत्या. कुठे दहा घरं, कुठे चाळीस, रस्ता नाहीच, बोट हेच वाहन. सरकारचा युक्तिवाद शब्दशः तुमचाच होता: इतक्या जागी शाळा, डॉक्टर, वीज पुरवणं परवडत नाही. १९५४ साली प्रांताची स्थलांतर योजना सुरू झाली. १९६५ पासून केंद्र सरकार त्यात उतरलं आणि लोकांना निवडक 'विकास केंद्रांत' हलवायचं ठरलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ३०० वस्त्या रिकाम्या झाल्या, जवळपास ३० हजार माणसं हलली. काहींनी लाकडी घरं ओंडक्यांवरून समुद्रात ढकलली आणि बोटींनी ओढत नव्या गावी नेली. त्याचे फोटो इथे घराघरांत आहेत.

सुविधा मिळाल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुलं शिकली, डॉक्टर जवळ आला. पण जुनी वस्ती जिथे होती ती मासळीच्या जागेसाठी होती. नव्या गावात मासळीची जागा आधीच दुसऱ्यांची, आणि ठरलेल्या नोकऱ्या पुरेशा आल्या नाहीत. दर्यावर पोट भरणारा माणूस भत्त्यावर आला. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललं की कळतं, ती जखम अजून ओली आहे.

त्यातून सरकार एक गोष्ट शिकलं. आता स्थलांतराचा विषय वस्तीनेच काढायचा, सरकारने नाही. त्यावर कायम रहिवाशांचं मतदान होतं. पूर्वी ९० टक्के होकार लागायचा, अलीकडे ही अट ७५ टक्क्यांवर आणलीय. लिटल बे आयलंड्स नावाच्या गावात २०१५ साली होकार ८९ टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि प्रस्ताव पडला. काही दशांश टक्के कमी पडले! पुढे पुन्हा मतदान झालं, सगळ्यांनी होकार दिला आणि ३१ डिसेंबर २०१९ ला गावाची वीज नि फेरी बोट बंद झाली.

ते गाव म्हातारं झालं होतं, शाळेत मुलंच उरली नव्हती. गडचिरोलीतले टोले तसे रिकामे होतायत का? नसतील तर ही तुलना पूर्ण लागू नाही.

---

रानवाट

उत्तरवारा, मनापासून आभार. नाही, टोले रिकामे होत नाहीत. पोरंबाळं भरपूर आहेत. आणि तुम्ही मासळीच्या जागेबद्दल लिहिलंत ना, नेमकं तेच इथे जंगलाबद्दल आहे.

खडीसाखळी, टोला जिथे आहे तिथे तो मोहाच्या झाडांमुळे आहे, धानाच्या बांध्यांमुळे आहे. मे महिन्यात तेंदूपानं तोडायची तर पहाटे जंगलात असावं लागतं. दहा टोले एकत्र आणले की नऊ टोल्यांचं जंगल लांब जातं. मग रोज सहा-सात किलोमीटर चालून मोहफुलं वेचायची? तोवर गुरं नि रानडुकरं खाऊन जातात. शिवाय सामूहिक वनहक्क गावाच्या पारंपरिक सीमेवर मिळालेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तो देशात अगदी पहिल्या काहींपैकी होता. आता कितीतरी ग्रामसभा तेंदू नि बांबूचा लिलाव स्वतः करतात. गाव हलवलं तर हक्क कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होतील. एकत्र वसवून जे पैसे वाचतील त्याहून जास्त रोजगार बुडेल.

तरी तुमचा झेपण्याचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक टोल्यात सगळं द्या असं मी म्हणतच नाही. टोल्यात पाणी, दिवे, अंगणवाडी, पहिली-दुसरीचा वर्ग आणि आशाताई. बाकीचं बाजाराच्या गावात. आणि टोला ते बाजार ही वाट बाराही महिने चालू. बस.

---

सुईणमावशी

मी या भागात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. माणसं हलवणं वाईट आणि सुविधा नेणं चांगलं, असा सरळ फरक नसतो, म्हणून लिहिते.

राज्यात २०१०-११ पासून माहेरघर योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या घरात आठ-दहा दिवस आधीच येऊन राहायचं. कल्पना उत्तम आहे. पूर आला, गाडी मिळाली नाही, खाटेवर घालून न्यावं लागलं, हे सगळं टळतं. म्हणजे इथे माणसालाच सुविधेकडे आणलंय, पण थोड्या दिवसांसाठी आणि परत जाण्यासाठी.

मी जिथे होते तिथलं माहेरघर बरेच महिने रिकामं असायचं. कारण बांधणाऱ्याने दवाखान्याची खोली बांधली होती. पलंग, पंखा, फरशी. चूल मांडायला जागा नाही, सोबत आलेल्या सासूला बसायला पडवी नाही, आधीच्या दोन लेकरांना झोपायला जागा नाही. धानाच्या रोवणीत तर बाई घर सोडायलाच तयार नसते. पुढे आमच्या एका डॉक्टरबाईंनी मागे कुडाची पडवी काढून घेतली, मातीची चूल घातली, आणि सांगितलं की लेकरं घेऊन या, नवऱ्यालाही आणा. त्या पावसाळ्यात जागा पुरेना. फरक पडला तो चुलीने.

म्हणून बाजाराच्या गावाचा आराखडा कराल तेव्हा मुक्कामाची जागा पहिली धरा. दवाखान्यात आलेल्यांना, शाळेत पोर भेटायला आलेल्यांना, पुराने अडकलेल्यांना. आज अडकलेली माणसं ओळखीपाळखीच्या ओसरीवर नाहीतर बसथांब्यात रात्र काढतात.

---

कलम२४३

वकील आहे, म्हणून कायद्याची बाजू. तिच्याकडे या चर्चेत दुर्लक्ष होतंय आणि तेच सगळ्यात घातक ठरलंय.

भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची ही गावं आज कागदावर 'शहर' आहेत. २०१५ च्या सुमारास राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या सरसकट नगरपंचायती केल्या. भामरागड गाव काही हजार माणसांचं, आजूबाजूला जंगल, आणि एका अधिसूचनेत ते नागरी झालं! राज्यघटनेच्या २४३-क्यू अनुच्छेदात लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार बघून असं क्षेत्र ठरवावं असं म्हटलंय. तालुक्याचं कार्यालय आहे हा त्यातला निकष नाही.

त्याहून मोठी गोष्ट अनुच्छेद २४३-झेडसी. पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रांना घटनेतला नगरपालिकांचा भाग लागू होत नाही. संसदेने वेगळा कायदा करून लावला तरच लागतो. पंचायतींसाठी असा कायदा १९९६ साली झाला, तो पेसा. नगरपालिकांसाठीचं विधेयक २००१ साली मांडलं गेलं, ते आजवर मंजूर झालेलं नाही. तरी नगरपंचायती चालू आहेत.

सामान्य माणसाला याचा फटका असा बसतो: रोजगार हमी ग्रामीण भागासाठीच, म्हणजे एका रात्रीत हक्काचं काम गेलं. पेसाखाली ग्रामसभेला असलेले अधिकार गेले. राज्य आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (ग्रामसभा ठरवेल तसा खर्चायचा) पेसा ग्रामपंचायतींना थेट देतं, तोही गेला. आणि घरपट्टी, बांधकाम परवाना आला. सिमेंटची नाली नि पथदिवे मिळाले, बदल्यात एवढं गमावलं.

रानवाट, तुम्ही बाजाराच्या गावांना 'केंद्र' म्हणा, पण दर्जा गावाचाच राहू द्या. उद्या कोणीतरी तुमचा आराखडा वाचून कसनसूरलाही नगरपंचायत करायचं, हे होऊ देऊ नका.

आणखी एक, जागा मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता, वीजवाहिनी, समाजमंदिर अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी १ हेक्टरच्या आत वनजमीन वळवता येते. अट दोनच: हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. 'वन विभागाची परवानगी नाही' हे उत्तर मिळालं की आधी हे विचारा की ग्रामसभेचा ठराव जोडलाय का. बहुतेक वेळा जोडलेलाच नसतो.

---

शिवसागरकाठ

आमची बाजू वेगळी आहे म्हणून लिहितो. मी महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातला. कोयनेचं पाणी चढलं आणि आमची गावं शिवसागर जलाशयाच्या पलीकडे राहिली. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं लाँचने तापोळा-बामणोलीला येऊन.

आमच्याकडे टोले खरोखर रिकामे होतायत. गावात म्हातारी माणसं, कर्ती मुंबईला. शिमगा नि गणपतीला गाव भरतं. जनगणनेला मोजणी होते तेव्हा दारांना कुलपं. मग लोकसंख्या कमी म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून उरलेलं एक कुटुंबही जातं, मग लोकसंख्या आणखी कमी. डोकी मोजण्याचा निकष आमच्यासारख्या जागी गाव मोडायलाच मदत करतो. रानवाट यांचं वेळाचं गणित आम्हालाही चालेल. फक्त आमच्याकडे वाट म्हणजे लाँच, आणि लाँच किती वाजता सुटते यावर सगळं. संध्याकाळची शेवटची लाँच एक तास पुढे ढकलली असती तर कितीतरी पोरं अकरावी-बारावी घरून करू शकली असती. त्यासाठी ना पूल लागत होता, ना इमारत.

---

फळाखडू

शाळेचा विषय निघालाच आहे तर. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यात निकष अंतराचाच आहे: पहिली ते पाचवी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत. म्हणजे रानवाट म्हणतात ते शिक्षणात आधीच मान्य आहे. तरी २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचं पत्र निघालं, नंदुरबारच्या तोरणमाळची आणि पानशेतची उदाहरणं देऊन. कायदा अंतर मोजतो आणि प्रशासन पट मोजतं.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. सहावीनंतर मुलांना मोठी शाळा, प्रयोगशाळा, मैदान, सोबतीला वर्गभर मुलं हवीच. पण सहा वर्षांचं माडिया पोर, ज्याला मराठी येत नाही, त्याला गाडीत घालून वीस किलोमीटर नेणं हे शिक्षण नव्हे. पहिली-दुसरी टोल्यातच, त्याच्या बोलीत, गावातल्याच शिकलेल्या पोरीकडून. तिला नेमणूक द्या, पगार द्या. बाहेरून गेलेला आमच्यासारखा मास्तर बदलीची वाट बघत असतो, हे मी स्वतः मास्तर असून सांगतो.

---

खडीसाखळी

उत्तरवारा आणि रानवाट, एकत्र वसवण्याचा माझा मुद्दा मी मागे ठेवतो. जंगल लांब जाण्याचा हिशोब मी धरलाच नव्हता.

पण पैसे? शेवटी निधी येतो तो डोक्यांवर. लोकसंख्येप्रमाणे निधी म्हटलं की कोणी हरकत घेत नाही, कारण ते न्याय्य दिसतं.

---

रानवाट

यावर माझ्याकडे एक भक्कम दाखला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना देताना लोकसंख्येला १५ टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळालाही १५ टक्केच. वर वन आणि पर्यावरणाला १० टक्के. म्हणजे दिल्लीने मुंबईला देताना मान्य केलंय की पसरलेल्या आणि जंगलाच्या मुलखाचा खर्च जास्त असतो. पण त्याच आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाचं राज्यवार वाटप केलं तेव्हा लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला फक्त १० धरले. आणि राज्याच्या आत, जिल्हा-तालुक्यापर्यंत येता येता क्षेत्रफळ जवळपास गळूनच जातं. वरच्या पातळीवर मान्य असलेलं तत्त्व खाली गावापर्यंत आणा, एवढंच मागायचंय. नवीन काही नाही.

कलम२४३, नगरपंचायतीचा धोका लक्षात ठेवतो. आमच्या पुढच्या बैठकीत तुमची टिपणी माडियात सांगायला लावतो. सुईणमावशी, मुक्कामाची जागा यादीत पहिली.

एक घाईची गोष्टही सांगून ठेवतो. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्यापर्यंत पहिल्यांदा एसटी सुरू झाली. रस्ते झपाट्याने होतायत, सूरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना यांमुळे आलापल्ली-एटापल्ली पट्ट्यात ट्रक, गॅरेज, ढाबे, भाड्याच्या खोल्या उभ्या राहतायत. आखणी कोणी केली नाही तरी वस्ती होणारच, रस्त्याच्या कडेला, नाल्यात सांडपाणी सोडून. बाजाराच्या गावांचे आराखडे ग्रामसभांनी आत्ता केले नाहीत तर दहा वर्षांनी करायला जागाच उरणार नाही.

---

फळाखडू

मग सुरुवात कुठून? आमच्या शाळा-केंद्रातल्या सात-आठ गावांत मी मदत करू शकतो. शाळेची मोठी पोरं मोजमाप करतील, त्यांना गंमतही वाटेल.

---

रानवाट

नाल्यांपासून करा. टोल्यापासून बाजाराच्या गावापर्यंतची प्रत्येक पायवाट चालायची आणि वाटेतला प्रत्येक नाला लिहायचा. रकाने एवढेच: नाल्याचं स्थानिक नाव, कुठल्या दोन टोल्यांमध्ये, काठापासून काठापर्यंत रुंदी (दोरीने मोजा), पुराची खूण झाडावर किती उंच आहे, मागच्या पावसाळ्यात अंदाजे किती दिवस वाट बंद होती, तेव्हा लोकांनी काय केलं (डोंगा, वळसा की घरीच), आणि त्या काळात कोणी आजारी किंवा बाळंतीण अडकली होती का. मधला रकाना जुन्या माणसांना विचारूनच भरा, त्यांना पुराची खूण नेमकी ठाऊक असते.

यादी ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या, आणि ठरावाची प्रत जिल्हा नियोजन समितीला आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पोच घेऊन द्या. खडीसाखळी, कुठल्या रुंदीला पाइपमोरी चालेल, कुठे पेटीमोरी लागेल आणि कुठे पूलच हवा, याचा ढोबळ तक्ता तुम्ही करून द्याल का? म्हणजे ठरावातच मागणी नेमकी लिहिता येईल.

---

खडीसाखळी

रविवारपर्यंत टाकतो. रुंदीसोबत काठाची उंची आणि तळ खडकाळ आहे की वाळूचा, हे दोन रकानेही घ्या. त्यावाचून तक्ता उपयोगाचा नाही.